चार दिवसांचा बिघाड

तामलवाडीच्या धोंडप्पाचं इंजिन दोन दिवस बैलगाडीतून प्रवास करून जळकोटच्या शिवेवर पोचलं, तेव्हा खाजाचाचा शिवेच्या दगडाला टेकून उभा होता. दगडाच्या अलीकडं. पलीकडं एक पाऊल पडलं असतं तर तो गुन्हा झाला असता, आणि त्याचा रिपोर्ट मला लिहावा लागला असता.

गाडीत पुढं धोंडप्पा, मागं त्याची बायको गंगम्मा, तिच्याशेजारी खाजाचाचाची लेक सायराबी, आणि मधोमध गोणपाटात गुंडाळून दोरखंडानं जखडलेलं पाच हॉर्सपॉवरचं इंजिन. आजाऱ्याला दवाखान्यात नेतात तसं त्याला आणलं होतं. फरक इतकाच की, आजाऱ्यासाठी तामलवाडीत कुणी दोन दिवस गाडी जुंपली नसती.

“काय होतंय त्याला?” चाचानं विचारलं.

“धाप लागतीया,” धोंडप्पा म्हणाला. “दोन फेरे घेतंय का बसतंय.”

चाचानं इंजिनाकडं बघितलं. मग लेकीकडं बघितलं. सायराबी बाभळीवर बसलेल्या एका होल्याकडं फार लक्ष देऊन बघत होती.

“लई मोठा बिघाड दिसतोय,” चाचा म्हणाला. “चार दिवस तरी लागतील.”

“लागू द्या की,” गंगम्मा म्हणाली. “आमी पीठ घेऊनच आलोय.”

तामलवाडीहून जळकोट म्हणजे एसटीनं एका सकाळचं काम. मिस्त्रीनं पान्यांची पिशवी घ्यावी, जावं, आणि दिवे लागायच्या आत परत यावं. सगळ्या जगात इंजिन जागेवर राहतं आणि मिस्त्री त्याच्याकडं जातो. आमच्याकडं मिस्त्री जागेवर राहायचा आणि इंजिनं प्रवास करायची, कारण आमचा मिस्त्री परदेशी होता.

परदेशी म्हणजे जळकोटचाच. जन्म जळकोटचा, बाप जळकोटच्या मातीत पुरलेला, बायको रजियाबी शेजारच्या गल्लीतली. पण कागद परदेशी होता. माझे वडील गोरोबा गावचे पोलीसपाटील. त्यांना सही येत होती, त्याच्या पुढचं लिहिणं येत नव्हतं. छप्पन साली मॅट्रिक नापास झाल्यापासून पुढचं मी लिहायचो. दर महिन्याच्या एक तारखेला ठाण्यात रिपोर्ट जायचा: ‘परदेशी इसम नामे खाजामियाँ हा गावी हजर आहे. वर्तणूक चांगली. धंदा: इंजिनदुरुस्ती.’ धंद्याचा रकाना रिकामा ठेवला तरी चालत होतं. पण रिकामा रकाना मला बघवत नसे.

चाचाला प्रवासाचा मुळातच तिटकारा. निजामाच्या काळातसुद्धा तो आसपासच्या गावांत इंजिन दुरुस्त करायला जायचा, पण मुक्काम करायचा नाही. दुसऱ्याच्या खाटेवर त्याला झोप येत नसे, दुसऱ्या गावचं पाणी त्याच्या पोटात फिरायचं. असा माणूस आयुष्यात एकदाच लांब गेला, तो थेट कराचीला. त्याचा थोरला भाऊ हैदराबादेत नोकरीला होता, तो पोलीस ॲक्शननंतर तिकडं गेला होता. बावन्न साली निरोप आला, भाऊ अंथरुणाला खिळलाय, तोंड बघायचं असेल तर ये. चाचा राजस्थानच्या वाळूतून, खोकरापारच्या सरहद्दीवरून गेला. जाताना त्याला कुणी काही विचारलं नाही. येताना सगळ्यांनी विचारलं.

भाऊ तीन महिन्यांनी गेला. तेवढ्यात दोन्हीकडं पासपोर्टाचा कायदा झाला. भावाचा मुलगा आयुब म्हणाला, “चाचा, ही किताब घेतल्याबिगर जहाजात घेत न्हाईत.” चाचा म्हणाला, घे बाबा, काय लागतंय ते घे, पण मला घरी घाल. पासपोर्ट म्हणजे त्याच्या समजुतीनं जहाजाचं तिकीट, फक्त पुठ्ठ्याचं. घरी यायच्या घाईत तो दुसऱ्या देशाचा नागरिक झाला. तिकडं राहायला गेलेल्या लोकांना त्यासाठी वर्ष-वर्ष हेलपाटे घालावे लागत होते. याला परत यायचं होतं, म्हणून पंधरा दिवसांत झालं.

मग व्हिसा. हा भाग चाचा स्वतः सांगायचा.

“कारकुनानं इचारलं, हिंदुस्थानात कुठं जानार? म्या म्हन्लं, जळकोट. त्यानं लिव्हलं. मंग इचारलं, आनी कुठं? भला मानूस हुता, दोनदा इचारलं. पाच गावं लिव्हता येतात म्हनला. म्या म्हन्लं, सायब, मला घर सोडून कुठं जायचंय? येकच लिव्हा.”

कारकुनानं एकच लिहिलं. त्या दिवसापासून जगाच्या नकाशावर चाचाला एकच गाव उरलं.

कराचीत सात महिन्यांत काय बघितलं, असं कुणी विचारलं तर तो म्हणायचा, “समुंदर हाय. खारट हाय.”

तीन महिन्यांचा व्हिसा संपायच्या आत त्यानं इथंच राहू द्यावं म्हणून अर्ज केला. अर्ज वर गेला आणि वरच राहिला. कुठल्यातरी कपाटामागं पडला असावा. त्यावर चाचा सात वर्षं सुखात जगला. तेवढ्या काळात आमचं गाव हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात गेलं, मुंबईतून महाराष्ट्रात आलं. निजाम धरला तर जागेवरून न हलता चार राज्यं फिरलं. गावाला कुणी पासपोर्ट विचारला नाही.

मधल्या काळात सायराबीचं लग्न तामलवाडीला ठरलं. मुलाचं घर बघायला बापाला जाता येईना. चाचानं माझ्या वडिलांना पाठवलं. पोलीसपाटील परत आले तेव्हा चाचा दगडापाशीच उभा होता.

“कसं हाय घर?”

वडील फार बोलणारे नव्हते. जरा विचार करून म्हणाले, “कौलं चांगली हायेत.”

लेकीच्या घराविषयी चाचाला एवढीच माहिती होती. त्यावर त्यानं लग्न लावून दिलं.

सायराबीची सासू ताहेराबी कडक. विनाकारण माहेरी जायचं नाही, हा तिचा कायदा सरकारच्या कायद्यापेक्षा पक्का होता. पण शेजारच्या धोंडप्पाचं इंजिन एकदा खरंच बिघडलं, आणि गाडी जळकोटला निघालीच आहे, तर बसू दे पोरीला, असं गंगम्मा म्हणाली. रिकामी जागा वाया जाणं ताहेराबीलाही पटलं नाही. तेव्हापासून ते इंजिन वर्षातून दोन-तीनदा बिघडायला लागलं.

त्या माघातही चाचानं इंजिन छपरीत उतरवून घेतलं, सगळ्यांना जेवायला पिटाळलं आणि मी एकटाच उरलोय असं बघून धुराच्या नळीत बोट घातलं. आतून हिरव्या ओढणीची चिंधी निघाली. त्यानं ती झटकली, घडी केली आणि बिड्यांच्या रिकाम्या डब्यात ठेवली. डब्यात तसल्या आठ चिंध्या आधीच होत्या.

“दुरुस्त झालं?” मी विचारलं.

“झालं.”

“मग चार दिवस?”

“रामकिसन,” चाचा म्हणाला, “हे रिपोर्टात लिहू नगंस.”

ते मी लिहिलं नाही. तेवढं एकच लिहिलं नाही.

*

त्याच सुमारास आण्णासाहेब विलायतेला गेले. आण्णासाहेब म्हणजे दोनशे एकरांचे मालक. शेतकऱ्यांची एक तुकडी तीन महिन्यांसाठी तिकडची शेती बघायला निघाली होती, तिच्यात त्यांनी नाव घालून घेतलं. आपल्या विहिरीवरचं इंजिन ज्या कारखान्यात तयार झालं तो कारखाना बघायचा, हा त्यांचा हेतू होता. कारखान्याची तशी काही मागणी नव्हती.

त्यांच्या तयारीनं गावाला महिनाभर काम पुरलं. ज्वारीचं पीठ दोन डबे, लोणचं एक बरणी, पाटा-वरवंटा घ्यावा की न घ्यावा यावर दोन बैठका. आपल्या विहिरीचं पाणी एका डब्यात भरून डब्याला कथिलाचा डाग दिला, तो सोलापूरच्या स्टेशनवरच गळला. चाचा शिवेच्या दगडापर्यंत निरोप द्यायला आला होता. त्यानं एकच मागणी केली.

“तिकडनं इंजिनाचं येक नोझल आना, आण्णासाहेब. हितं नकली मिळतंय. कारखान्याच्या दारात असंलच.”

“आणतो की रे खाजा. त्यात काय.”

आण्णासाहेब तीन महिन्यांनी परत आले ते एक हॅट, एक छत्री आणि छत्तीस फोटो घेऊन. फोटोंत आण्णासाहेब कारखान्याच्या फाटकासमोर उभे होते. काहींत फाटक उघडं होतं, काहींत बंद होतं. ते भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ‘आमच्या विलायतेत’ असं म्हणून सुरुवात करायचे. चाचानं छत्तीसही फोटो नीट बघितले आणि विचारलं, “नोझल?”

“अरे खाजा,” आण्णासाहेब म्हणाले, “परदेशात गेल्यावर माणसाला असल्या बारक्या गोष्टी सुचत न्हाईत.”

चाचाबरोबर आलेली रजियाबी दाराआड उभी होती. तिच्या पेटीत लग्नापासून हजसाठी राखून ठेवलेलं पांढरं कापड होतं. तिनं पदर सावरून विचारलं, “जाताना जेद्दा लगताय क्या, आण्णासाहेब? मक्केचं बंदर. जहाजावरनं दिसलं काय?”

“लागलं असंल. मी झोपलो हुतो.”

“दोन्ही बार?”

“दोन्ही बारी,” आण्णासाहेब म्हणाले.

महाराष्ट्र राज्य होऊन पंधरा दिवस झाले होते. गाव उत्साहात होतं आणि उत्साह खर्च करायला जागा हवी होती, म्हणून शाळेच्या पटांगणात आण्णासाहेबांचा सत्कार ठरला. जिल्ह्याचे एक मोठे साहेब पाहुणे म्हणून आले. सूत्रसंचालन माझ्याकडं होतं, कारण मी विनोदी बोलतो असं गावात सगळे म्हणायचे. मलाही ते खरं वाटायचं.

मी म्हणालो, “आण्णासाहेब तीन महिने परदेशात राहून आले, याचं कौतुक आहेच. पण आपल्या गावात असेही एक गृहस्थ आहेत, जे सात वर्षं परदेशात राहतायत, आणि तेही आपल्याच घरात!”

पटांगण हसलं. आण्णासाहेब हसले. सगळ्यांत जास्त चाचा हसला. मागच्या रांगेत उभा राहून, डोळ्याला रुमाल लावून. लोक वळून त्याच्या पाठीवर थापा मारायला लागले.

साहेब हसले नाहीत. ते माझ्या वडिलांकडं झुकून म्हणाले, “कोण हे गृहस्थ?”

वडिलांनी खरं सांगितलं. त्यांना दुसरं काही सांगता येत नसे.

साहेब वाईट नव्हते. वाईट असते तर विसरले असते. ते कामाचे पक्के होते. त्यांनी परत गेल्यावर फाइल शोधायला लावली. सात वर्षं हरवलेली फाइल दोन महिन्यांत सापडली, आणि तिच्यासोबत माझे सगळे रिपोर्ट सापडले. नीट, तारीखवार लावलेले.

श्रावणात हुकूम आला. राहू देण्याचा अर्ज नामंजूर. शिवाय, ‘सदर इसम परदेशी असूनही विनापरवाना इंजिनदुरुस्तीचा धंदा करीत असल्याचे गावच्या पोलीसपाटलाच्या अठ्ठेचाळीस अहवालांवरून स्पष्ट होते. त्याने साठ दिवसांचे आत देश सोडावा.’ अठ्ठेचाळीसही अहवालांचं अक्षर माझं होतं. सुवाच्य असल्यामुळं सगळं वाचता आलं होतं.

मी हुकूम वाचून दाखवला. चाचा छपरीत बसून एक व्हॉल्व्ह घासत होता. त्यानं पान्यांकडं बघितलं, मग हात पुसले.

“म्हंजे हे बी घासू नगं का आता?”

“घासा,” मी म्हणालो. “मी लिहीत नाही.”

“तसं नगं बाबा. तुजी नोकरी लागायची हाय अजून.” त्यानं व्हॉल्व्ह खाली ठेवला. इतका हळू ठेवला की आवाज झाला नाही. त्या दिवसापासून त्यानं पान्याला हात लावला नाही. धोंडप्पाला निरोप गेला, इंजिन आणू नको. इंजिनाला ते कळलं असावं. ते पुन्हा बिघडलं नाही. सायराबीचं येणं बंद झालं.

मी अर्ज लिहिला. आयुष्यात एवढा गंभीर मजकूर मी कधी लिहिला नव्हता. जन्म इथला, बाप इथला, घर इथलं, लेक तामलवाडीची. महिन्यानं उत्तर आलं: ‘अर्जदार परदेशी असल्याने त्याच्या जन्मगावाचा विचार करण्याचे प्रयोजन नाही.’ मी पुष्कळ विनोद केलेत, पण इतक्या कमी शब्दांत मला कधी जमलेलं नाही.

मग चाचाला घेऊन आण्णासाहेबांकडं गेलो. साहेब त्यांचे पाहुणे, त्यांचा शब्द चालला असता. आण्णासाहेब घरातही हॅट घालून बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“अरे खाजा, लोक परदेशी जायला तरफडतात आनि तू रडतोयस? जाऊन तर ये. परदेश बघितल्याबिगर माणसाची नजर मोठी व्हत न्हाय. आमच्या विलायतेत...”

“मला परत येऊ देनार न्हाईत, आण्णासाहेब.”

“बघू म्हणं पुढचं पुढं.” ते उठले. “फक्त पीठ संगं ने. तिकडं ज्वारी मिळत न्हाय.”

परत येताना चाचा पाणवठ्यापाशी थांबला आणि म्हणाला, “रामकिसन, माजं येकच काम हाय. मरायच्या आत सायरीचं घर बघायचं हाय. तामलवाडीत येक दीस. तेवढी परवानगी काड.”

मी काढायला गेलो. ठाण्यात म्हणाले, हुकूम देश सोडायचा आहे, तामलवाडीला जायचा नाही.

*

दसऱ्यानंतर चारच दिवसांनी जमादार शरणबसप्पा चाचाला न्यायला आला. जळकोटहून तुळजापूर, तिथं तालुक्याला सही, मग सोलापूरची एसटी, सोलापुरातून रेल्वे. वडील घरात तोंडावर पांघरूण घेऊन पडले होते. गावातून पोचवायला मी निघालो.

रजियाबी दारात उभी होती. ती भारतीय होती. तिला जाता येत नव्हतं, त्याला राहता येत नव्हतं. तिनं पेटी उघडून हजसाठी ठेवलेलं पांढरं कापड काढलं, अर्धं फाडलं आणि अर्धं त्याच्या पिशवीत घातलं.

“दोघां मिलके जानेका था,” ती म्हणाली. “अब तुमीच निकले परदेस.”

“तू ये मागनं,” चाचा म्हणाला, जसं काही तो बाजारला निघाला होता.

बस सुटली. शिवेचा दगड जवळ आला तेव्हा चाचानं बसल्याबसल्या दोन्ही पाय वर उचलून धरले. दगड मागं गेल्यावर त्याला ते कळलं आणि त्यानं पाय हळूच खाली ठेवले.

“सवय,” तो जमादाराला म्हणाला.

तुळजापूरला सही झाली. सोलापूरच्या एसटीत बसलो तेव्हा मी मुद्दामच बोललो नाही, पण चाचानं कंडक्टरला विचारलंच, “वाटंत तामलवाडी लागतीया का?”

“लागतीया की. धा मिन्टांचा थांबा हाय.”

चाचा माझ्याकडं बघून हसला. सात वर्षं जिथं जायला परवानगी नव्हती, ते गाव हद्दपारीच्या वाटेवर होतं.

तामलवाडीच्या थांब्यावर माझ्या निरोपावरून धोंडप्पा, गंगम्मा आणि सायराबी उभी होती. ड्रायव्हर गाडी बंद करून चहाला उतरला. चाचा उठला, तसा शरणबसप्पानं हात आडवा केला.

“बसा चाचा. माझ्या कागदात तुळजापूर हाय, सोलापूर हाय. तामलवाडी न्हाय.”

चाचा बसला. सायराबी खिडकीखाली आली. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता. दहा मिनिटांतली चार तशीच गेली.

“घर कुठं हाय?” चाचानं विचारलं.

“ते बघा अब्बा, चिंचंच्या मागं.”

चाचानं गजाला गाल लावून बघितलं. “कौलं चांगली हायेत,” तो म्हणाला.

सायराबीनं तांब्या गंगम्माच्या हातात दिला आणि ती एसटीच्या मागं निघून गेली. रडायला गेली असेल, असं मला वाटलं.

ड्रायव्हर आला. गाडी सुरू केली. ती दोनदा गुरगुरली आणि बसली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बसली. ड्रायव्हर उतरला, बॉनेट उघडून आत वाकला, काय काय आवळलं, काय काय ढिलं केलं. अर्धा तास गेला. उतारू खाली उतरले. एक जण म्हणाला, कोर्टाची तारीख आहे. एक बाई दवाखान्याला निघाली होती, ती दगडावर बसली.

चाचानं मान तिरकी केली होती. आपल्याशीच म्हणाला, “श्वास घेतीया. पन सोडंना.”

मग तो मागच्या बाजूला बघायला लागला. तिथं सायराबी उभी होती. ती चिंचेवरच्या कावळ्याकडं फार लक्ष देऊन बघत होती.

“गावात मिस्त्री हाय का कुणी?” ड्रायव्हर ओरडला.

“हाय की,” धोंडप्पा म्हणाला. “गाडीत बसलाय.”

सगळ्यांनी वर बघितलं. शरणबसप्पा घाबरला.

“जमायचं न्हाय! त्याच धंद्यापायी तर चाललाय तो. आनि खाली उतरला तर माजी नोकरी जाईल.” मग ड्रायव्हरचं तोंड बघून जरा नरमला. “चाचा, येक पाय गाडीत ठिवून करता येईल का?”

“बिघाड मागच्या अंगाला हाय, जमादार.”

शरणबसप्पानं दगडावरच्या बाईकडं बघितलं. खिशातून चंची काढली, तंबाखू तळहातावर घेतली. “मी तंबाखू मळाय लागलो,” त्यानं जाहीर केलं. “तंबाखू मळताना मला काय दिसत न्हाय.” आणि त्यानं आमच्याकडं पाठ केली.

चाचा उतरला. तामलवाडीच्या जमिनीवर पहिला पाय ठेवून तो क्षणभर थांबला. मग मागं गेला, गुडघे टेकले, धुराच्या नळीत बोट घातलं आणि हिरव्या ओढणीची चिंधी बाहेर काढली. या वेळी चिंधी नव्हती. अर्धी ओढणी होती.

मी त्याच्या शेजारी वाकलो होतो. दुसऱ्या कुणी बघितलं नव्हतं.

“चाचा,” मी हळू म्हणालो, “सांगा, लई मोठा बिघाड आहे म्हणून. चार दिवस लागतील म्हणा. चाचा, पाच म्हणा.”

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग दगडावरच्या बाईकडं. मग जमादाराच्या पाठीकडं.

“धोंडप्पाचं इंजिन घरचं हुतं रं,” तो म्हणाला. “ही लोकांची गाडी हाय.”

त्यानं ओढणीची घडी केली, खिशात घातली आणि ड्रायव्हरला हाक मारली, “चालू करा.”

गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. लोक धावत जागा धरायला चढले. ड्रायव्हरनं विचारलं, काय होतं हो? चाचा म्हणाला, कचरा. शरणबसप्पाची तंबाखू अजून मळून झाली नव्हती.

चाचाचे हात मनगटापर्यंत काळे झाले होते. सायराबीनं गंगम्माकडून तांब्या घेतला आणि त्याच्या हातावर पाणी ओतायला लागली. त्यानं हात धुतले. तांब्या संपला. ती धावत चिंचेमागच्या त्या कौलाच्या घरात गेली आणि भरून घेऊन आली. त्यानं पुन्हा धुतले. बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटं, एकेक करून. ती तिसरा तांब्या आणायला गेली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. चाचा ओले हात पुढं धरून तसाच उभा राहिला.

हात पहिल्या तांब्यातच स्वच्छ झाले होते.

गाडी हलली तेव्हा त्यानं आतून खिडकीच्या गजाला धरलं. गजावर त्याच्या पंज्याची ओली खूण उमटली. ऊन कडक होतं. तामलवाडीची शीव यायच्या आतच ती वाळली.